रंग : गुलाबी

फॉर्मच्या तिसऱ्या रकान्यात छापलेलं असतं : रंग.
पुढे आम्ही लिहायचं, गुलाबी.
बावीस वर्षं लिहितेय.
दांडिया बाजारातून निघताना पेन तपासते,
बाकीचं हात करतो.

त्या रात्री झगडियाच्या बाजूनं
अकराशे चाळीस ग्रॅम आले,
आईच्या ओढणीत, एकशे आठच्या गाडीतून.
रेसिडेंट पोरगी इंग्रजीत विचारू लागली,
कुठला देश? कुठल्या कॉलेजात शिकता?
हुरबानू गुजरातीत म्हणाली,
बेन, अमे तो अहींना ज.
सिद्दी आहेत, मी म्हटलं,
आणि वाटलं, झालं, सांगून झालं.

मनगटावर अकीकचा मणी होता, मुगाएवढा.
इन्फेक्शन, म्हणत मीच कापला.
शेजारच्या पेटीतल्या बाळाच्या कमरेचा काळा दोरा
मला दिसला नाही.
म्हणजे दिसला.

पावलाला गुंडाळलेला लाल दिवा
आणि वर आकडा : चौऱ्याण्णव.
हिरवा. अलार्म गप्प.
कातडीतून आरपार बघायला
त्या मशीनला कोणी शिकवलं, कोणाच्या कातडीवर,
हे बावीस वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

बेन, एनी जीभ जुओ.
मी म्हटलं, आकडा बरोबर आहे.
बेन, जीभ.
मी म्हटलं, बाहेर बसा.

तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही.
काचेपलीकडे उभी राहिली, टाके धरून,
आणि स्वतःची जीभ बाहेर काढून
बोटानं दाखवत राहिली.
वॉचमन हसला.
मी, तिला गप्प करायला म्हणून, पेटीत हात घातला,
करंगळीनं हनुवटी खाली केली.

जांभळांच्या दिवसांत
शाळेतून येणाऱ्या पोरांची असते, तशी जीभ.

रक्ताचा रिपोर्ट आला : अठ्ठ्याहत्तर.
मशीन अजून चौऱ्याण्णवच म्हणत होतं,
शांतपणे, एखाद्या सुशिक्षित माणसासारखं.

मी स्वतः सावळी. स्थळांच्या कागदावर
आईनं लिहिलं होतं, गव्हाळ.
रकान्यात काय चालतं
ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

नळ्या लागल्या. श्वास लागला.
खिडकीपाशी चार आरामखुर्च्या आहेत,
बाळाला छातीशी धरून बसायला.
पटेलांची सून बसायची, वकीलबाई बसायच्या,
ब्लाऊजच्या आत एकेक ऊबदार गाठोडं.
हुरबानू नऊ दिवस चपलांच्या रॅकपाशी, पायरीवर.
बसू नका असं कोणी म्हटलं नव्हतं.
बसा असंही.

दहाव्या दिवशी मी म्हटलं.
माफी मागावी असं मनात होतं,
तोंडातून निघालं, केस वर बांधा, हात धुवा.
ती बसली. मेहरून तिच्या छातीवर
कानातल्या मळाएवढा आवाज करून झोपली,
आणि हृदयाचे ठोके, जे आमच्याकडे कधी जागेवर नव्हते,
जागेवर आले.

मणी लिफाफ्यात ठेवला होता.
लिफाफ्यावर नाव लिहायचं राहिलं.
सगळे ड्रॉवर उपसले, सापडला नाही.
तिनं एकदाच विचारलं.

हल्ली मी तिसरा रकाना खोडते.
लिहिते : जीभ, हिरड्या, तळवे.
मेट्रननी दोनदा बोलावून विचारलं,
ही कुठली पद्धत?
म्हटलं, झगडियाची.

गुरुवारी हुरबानू तपासणीला येते
आणि तपासणी झाल्यावर जात नाही.
छोटाउदेपूरकडची राठवा पोरगी होती परवा,
सतरा-अठराची, पायरीवर.
तिच्या शेजारी बसून सांगत होती,
एकदा सांगितलं तर ऐकत नाहीत, दोनदाही नाही,
ही बेन चांगली आहे, तरी तीनदा सांग.
मी पडद्याआड, बाटल्या मोजत.

मेहरून आठ महिन्यांची आहे.
मला बघितलं की जीभ काढते,
कोणी शिकवलंय कोण जाणे.
मी हसते,
पण आधी रंग बघून घेते.